शेवा कोळीवाडा ते हनुमान कोळीवाडा : एका गावाच्या आखणीचा इतिहास

देवळाचा जीर्णोद्धार म्हणजे नुसते दगड, चुना आणि लाकूड यांचे काम नव्हे. देऊळ ज्या गावाचे असते त्या गावाची घडण, त्याची वस्ती, त्याचा धंदा आणि त्याची माणसे यांचीही आठवण त्या निमित्ताने जागी होते. म्हणून अशा मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत देणगीदारांच्या यादीबरोबर गावांच्या इतिहासालाही चार पाने देण्याची चाल आपल्याकडे आहे, आणि ती योग्यच आहे.

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, रेवस-मांडव्यापासून श्रीवर्धन-हरिहरेश्वरपर्यंत आणि इकडे उरण-पनवेलच्या खाड्यांत, कोळी बांधवांची लहानमोठी पुष्कळ गावे आहेत. त्यांपैकी बहुतेक गावे आपोआप वसली असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु उरण तालुक्यातील एक कोळीवाडा असा आहे की, तो सरकारी नकाशावर आखून वसविण्यात आला. तो म्हणजे हनुमान कोळीवाडा, पूर्वाश्रमीचा शेवा कोळीवाडा. आपोआप वसलेल्या गावालाही आखणी होती का, आणि नकाशावर आखलेल्या गावात काय राहून गेले, या दोन प्रश्नांची उत्तरे या एकाच गावाच्या इतिहासात मिळतात. देवळाचे काम काढणाऱ्या प्रत्येक गावाने ती समजून घ्यावीत अशी आहेत.

उरणची भूमी

मुंबई बंदराच्या समोर, पूर्वेच्या अंगाला उरणचा मुलूख पसरलेला आहे. द्रोणागिरीचा डोंगर, कारंजाची खाडी, मोरा बंदर, समोर घारापुरीचे बेट आणि पनवेल खाडीच्या मुखाशी न्हावा व शेवा, अशी याची ठेवण. पूर्वी यातील बराचसा भाग बेटांचा व खाजणांचाच होता. पोर्तुगीज आणि मराठे या दोन्ही सत्तांचा अंमल येथे होऊन गेला. सन १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टीबरोबर घारापुरी व कारंजा ही बेटेही इंग्रजांकडे कायम झाली. पुढे १८८३ साली उरणसह पनवेल तालुका ठाणे जिल्ह्यातून काढून कुलाबा जिल्ह्याला जोडण्यात आला, आणि त्याच कुलाबा जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड असे झाले.

या भूमीत माणसाच्या पोटाला तीन आधार होते. खारे पाणी बांध घालून अडवावे आणि भात पिकवावे, हा एक. खारे पाणी कोंडीत घेऊन मीठ पिकवावे, हा दुसरा. आणि खाऱ्या पाण्यातच जाळे लावावे, हा तिसरा. आगरी समाजाने पहिले दोन आणि कोळी समाजाने मुख्यतः तिसरा धंदा सांभाळला, तरी एकमेकांच्या बांधावर आणि होडीवर दोघांचेही हात राबत आले. शेतकऱ्यांची वस्ती ती शेवा आणि दर्यावर जाणाऱ्यांची वस्ती ती शेवा कोळीवाडा, अशी दोन शेजारगावे येथे नांदत होती.

भरती-ओहोटीने केलेली आखणी

परक्या माणसाला कोळीवाड्यात शिरल्यावर वाटते की, येथे घरे कशीही उभी आहेत. गल्ल्या अरुंद, घराला घर लागलेले, रस्ता मध्येच वळलेला. परंतु हा समज चुकीचा आहे. जुन्या कोळीवाड्याची आखणी कागदावर नसली तरी ती होती, आणि ती भरती-ओहोटीने करून दिलेली होती.

उरणच्या खाडीतील परंपरागत मासेमारी डोल जाळ्याची, वाण्याची, पागाची आणि हाताने चिखलात वेचण्याची. डोल ही मोठ्या पिशवीसारखी असते. पाण्याच्या ओढीसमोर तिचे तोंड उघडे धरून ती पक्की बांधतात. पाणी धावू लागले की जवळा, कोळंबी, मांदेली, बोंबील त्यात आपोआप शिरतात. पाणी थंडावले की जाळे उचलायचे, कारण उलटे पाणी सुरू झाले की आलेला मासा निघून जातो. म्हणजे कोळ्याची कामाची वेळ सूर्य ठरवीत नाही, पाणी ठरविते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास निघतो, हा हिशेब किनाऱ्यावरच्या लहान मुलालाही तोंडपाठ असे. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा. ही वेळ रोज पाऊण तासाने पुढे सरकते. आज पहाटे निघालेला माणूस आठवड्याने ऐन दुपारी किंवा मध्यरात्री निघतो.

असे असल्यामुळे घरापासून बंदर हाकेच्या अंतरावर असणे ही चैनीची नव्हे, तर पोटाची गोष्ट होती. पुनव-अवसेच्या उधाणाला मुंबईच्या या बंदरात पाणी चार-पाच मीटर चढते-उतरते, आणि भांगाच्या दिवसांत ते फारसे हलत नाही. उधाणाचे पाणी जेथवर चढते त्याच्या किंचित वर होड्या ओढण्याची जागा, त्यामागे जाळी पसरण्याची व मासळी सुकविण्याची खळी, आणि खळ्यांच्या मागे जोत्यावर उचललेली घरे, असा क्रम सर्व कोळीवाड्यांत थोड्याफार फरकाने दिसतो. खळ्यावर ऊन आणि वारा मोकळा मिळावा म्हणून तेथे घर बांधावयाचे नाही, हा अलिखित नियम. बोंबील सुकविण्याच्या बांबूच्या वलांड्या वाऱ्याच्या तोंडाशी, जवळा पसरण्याची सारवलेली जमीन घराच्या जवळ, म्हणजे बायकांना राखण करता यावी.

घरे एकमेकांना लागून असण्यालाही कारण होते. किनाऱ्यावरची उंच, कोरडी जमीन थोडी, म्हणून तिचा वापर काटकसरीने. पावसाळी वाऱ्याचा मारा एकट्या घरावर येण्यापेक्षा घरांच्या रांगेवर आलेला बरा. आणि गल्लीची तोंडे बंदराकडे, म्हणजे कोणाची होडी आली, कोणाची राहिली हे दारातून कळे. गल्ली अरुंद असली तरी दोघांनी खांद्यावर जाळ्याचा भार घेऊन जाण्याइतकी रुंद असेच. ज्या गावाला कोणी आखले नाही असे आपण म्हणतो, त्या गावाने स्वतःला असे आखून घेतले होते.

घराची ठेवण

कोळ्याचे जुने घर बाहेरून साधे. दगडाचे जोते, लाकडी खांब, कारवीच्या किंवा बांबूच्या कुडाच्या भिंती, त्यांना मातीचा व शेणाचा लेप, आणि वर पेंढ्याचे किंवा ताडाच्या झापांचे छप्पर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मंगळूरची कौले निघाली आणि ती हळूहळू सगळ्या किनाऱ्यावर गलबतांतून पोहोचली. मग ज्याला परवडले त्याने कौले घातली. पुढे चुना-विटांच्या भिंती आल्या, त्यानंतर सिमेंट आले.

परंतु सामान बदलले तरी घराची ठेवण फारशी बदलली नाही. समोर ओटी. ही ओटी म्हणजे कोळ्याचा कारखाना. येथे बसून फाटकी जाळी विणावयाची, दोर वळावयाचे, हिशेब करावयाचा, आल्यागेल्याला पाणी द्यावयाचे. आत माजघर, एका कोनाड्यात कुलदेव, बहुधा जेजुरीचा खंडोबा आणि कार्ल्याची एकवीरा आई. मागे चूल व न्हाणी. वर पोटमाळा, त्यावर पावसाळ्याच्या दिवसांत कोरडी जाळी, वल्ही, शिडाचे कापड आणि सुक्या मासळीची बेगमी. चुलीच्या धुराने माळ्यावरचे सामान कोरडे राही आणि लाकडाला कीड कमी लागे. जुन्या माणसांनी धूर निघून जाण्यास धुराडे का ठेवले नाही, याचे हेही एक कारण होय.

घराचा सर्वांत महत्त्वाचा भाग मात्र घराच्या बाहेर होता. खळे, बंदर, विहीर आणि देऊळ या चार जागा कोणा एकाच्या नव्हत्या आणि सगळ्यांच्या होत्या. चार खणांच्या घरात मोठे कुटुंब राहू शके ते या चार जागांच्या जोरावर. हिशेब करणाऱ्याने घराची लांबी-रुंदी मोजली आणि या जागा मोजल्या नाहीत, तर त्याने अर्धे घर मोजले असे समजावे.

देऊळ आणि गावकी

कोळीवाड्यात देऊळ हे केवळ पूजेचे स्थान नसते. गावकी बसते ती देवळासमोर. मासळीचा भाव, जाळी लावण्याच्या जागांची वाटणी, भांडणाचा निवाडा, लग्नाचा दिवस, बुडालेल्या होडीवाल्याला वर्गणी, हे सारे निर्णय देवळाच्या सभामंडपातच होत आले. शिमग्याची होळी देवळासमोर लागते आणि पालखी तेथूनच निघते. नारळी पौर्णिमेचा सोन्याचा नारळ देवळातून वाजतगाजत बंदरावर जातो आणि मगच होड्या पाण्यात लोटतात.

खोल पाण्यातून परतणारा तांडेल आपली जागा ओळखतो ती खुणांवरून. द्रोणागिरीचा माथा अमुक बाजूस, घारापुरीचा डोंगर तमुक बाजूस, आणि जवळ आल्यावर देवळाचा कळस किंवा शेजारचे झाड. देवळाचा दिवा हा अशा गावात श्रद्धेचाही असतो आणि वाटेचाही. म्हणून गावाची जागा बदलते तेव्हा देवाची स्थापना कोठे करावी, हा प्रश्न साधा राहत नाही.

प्रकल्पांचे दिवस

मुंबईवरचा भार कमी करण्यासाठी खाडीपलीकडे नवे शहर उभारावे असे ठरले आणि १७ मार्च १९७० रोजी सिडको या महामंडळाची स्थापना झाली. ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी या नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले. त्याच दशकात मुंबईच्या समुद्रातील तेल व वायू उरणच्या किनाऱ्यावर आणण्याचा प्रकल्प उभा राहिला. मुंबईचे बंदर अपुरे पडू लागले होते आणि जगभर माल लोखंडी पेट्यांतून, म्हणजे कंटेनरमधून नेण्याची पद्धत रूढ होत होती. त्यासाठी खोल पाणी आणि मागे मोकळी जमीन असलेली जागा हवी होती. ती न्हावा-शेवा येथे सापडली. २६ मे १९८९ रोजी हे बंदर सुरू झाले आणि त्याला पंडित जवाहरलाल नेहरू यांचे नाव देण्यात आले.

जमिनी जात असताना मोबदल्यासाठी शेतकरी उभे राहिले. जासईचे सुपुत्र, लोकनेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात १६ व १७ जानेवारी १९८४ या दोन दिवसांत पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. संपादित जमिनीच्या मोबदल्यात साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याचे धोरण या लढ्यातून आले, आणि पुढे ते इतरत्रही नावाजले गेले. उरण-पनवेलच्या इतिहासातील हे पान प्रत्येकाने वाचावे असे आहे.

परंतु साडेबारा टक्के कशाचे, तर गेलेल्या जमिनीचे. ज्याच्या नावे सातबारा त्याला हक्क. ज्याचे शेत म्हणजेच खाडी, त्याचा सातबारा कोठून आणावयाचा? डोल लावण्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या एका घराकडे असते, गावकी ती मानते, परंतु तलाठ्याच्या दप्तरात तिला गट नंबर नसतो. खळ्याची जागाही बहुतेक ठिकाणी कोणा कोळ्याच्या नावे लागलेली नसते. कोळीवाड्याचा प्रश्न शेतकऱ्यांच्या प्रश्नाहून वेगळा झाला तो येथे.

नवीन गावाची आखणी

बंदरासाठी शेवा आणि शेवा कोळीवाडा ही दोन्ही गावे उठविण्यात आली. शेतकऱ्यांच्या वस्तीचे नवीन शेवा झाले. कोळीवाड्यातील २५६ कुटुंबांना उरण शहरालगत बोरी पाखाडी येथे, खाडीकाठच्या मूळ जागेपासून दूर वसविण्यात आले. या वस्तीला मारुतीरायाच्या नावाने हनुमान कोळीवाडा म्हणतात. ऐंशीच्या दशकातील ही गोष्ट आहे.

पुनर्वसित गावठाणाची पद्धत सर्वत्र ठराविक असते. जमीन सपाट करावयाची, सरळ रस्ते काढावयाचे, सारख्या मापाचे भूखंड पाडावयाचे आणि ओळीने घरे उभी करावयाची. यात गैर काही नाही. रस्ता सरळ असला तर आजाऱ्याला नेण्यास गाडी येते, दिव्याचे खांब बसतात, गटार काढता येते. जुन्या गल्लीतून यांतले काहीच सुखाने होत नसे, हेही मान्य केले पाहिजे.

परंतु आखणी कोणत्या धंद्यासाठी, हा खरा मुद्दा आहे. महाराष्ट्र शासनाने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला, त्याच्या जागी १९८६ चा आणि नंतर १९९९ चा कायदा आला. हे कायदे देशात पुढारलेले मानले जातात. ते मुख्यतः धरणांखाली जाणाऱ्या शेतकरी गावांच्या अनुभवातून घडले. त्यामुळे नव्या गावठाणात द्यावयाच्या नागरी सोयींच्या यादीत विहीर, शाळा, चावडी, रस्ते, वीज, स्मशान, एस. टी. थांबा यांबरोबर खळवाडी आणि गुरे उभी करण्याची जागा येते. भात झोडण्याच्या खळ्याची आठवण कायद्याला आहे. मासळी सुकविण्याच्या खळ्याची, होड्या ओढण्याच्या जागेची किंवा जाळी पसरण्याच्या जागेची त्या यादीत आठवण नाही.

दुसरा भेद भूखंडाच्या मापाचा. १९९९ च्या कायद्यात पाच माणसांपर्यंतच्या शेतकरी कुटुंबाला ३७० चौरस मीटरचा भूखंड, आणि तेवढ्याच बिगरशेतकरी कुटुंबाला १८५ चौरस मीटरचा, असे माप आहे. शेतकऱ्याला गुरे, अवजारे, धान्य ठेवण्यास जागा लागते हे खरेच. परंतु ज्याच्या घरी जाळी, दोर, वल्ही, इंजिन, बर्फाची पेटी आणि सुकी मासळी आहे, तो केवळ सातबारा नाही म्हणून बिगरशेतकरी ठरतो आणि निम्म्या जागेचा धनी होतो. नियम करणाऱ्याच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. त्याच्या डोळ्यांसमोर दर्यावर जाणारा माणूस नव्हता, एवढेच.

हनुमान कोळीवाड्यातील ग्रामस्थांचे गाऱ्हाणे प्रारंभापासून हेच राहिले की, ठरल्यापेक्षा पुष्कळच कमी जागेवर गाव बसविण्यात आले. मुले मोठी झाली, कुटुंबे विभागली, पण गावठाण वाढले नाही. घरापासून बंदर दूर गेले. रात्री-अपरात्री पाण्याच्या वेळेवर पायी जाणारा माणूस आता वाहनाची वाट पाहू लागला. आणि ज्या खळ्यावर बायका घरकाम सांभाळून मासळी सुकवीत, ते खळे दाराशी राहिले नाही. धंद्यातील बायकांचा वाटा त्यामुळे किती घटला याचा हिशेब कोठे मांडलेला नाही, परंतु पाटी घेऊन बाजारात जाणाऱ्या कोणत्याही आजीला तो तोंडी सांगता येईल.

वाळवी

या गावावर आणखी एक संकट आले. वसाहतीच्या जमिनीत वाळवी निघाली. दारे, चौकटी, खिडक्या, वासे, कपाटे, कपडे, कागदपत्रे, काहीही तिच्या तावडीतून सुटेना. औषधे मारली तरी काही दिवसांनी ती पुन्हा वर येई. ज्यांना शक्य झाले ते घर सोडून दुसरीकडे भाड्याने राहू लागले. इतरांनी लाकूड काढून लोखंड व सिमेंट घातले. मासेमार लोकांचे गाव वाळवीचे गाव म्हणून वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध झाले, ही दुःखाची गोष्ट होय.

वाळवी जमिनीखालच्या ओलीतून वर चढते आणि मातीच्या बारीक नळ्या करून लाकडापर्यंत पोहोचते. घर बांधण्यापूर्वीच पायाच्या मातीला औषध पाजणे, जोते उंच व दगडी ठेवणे आणि लाकूड जमिनीला न टेकविणे हे तिच्यावरचे उपाय आहेत. घर उभे राहिल्यावर केलेला उपाय नेहमीच अपुरा पडतो. जुनी माणसे जागा पाहताना वारुळे बघत आणि मग पाया घेत. जागेची ही परीक्षा करावयास, राहणाऱ्याला विचारून मग जागा ठरवावी लागते.

गाव पुन्हा चांगल्या जागी वसवून मिळावे यासाठी हनुमान कोळीवाड्याने अर्ज, विनंत्या, मोर्चे सारे केले. चाळीस वर्षांच्या आसपास हा लढा चालला आहे. होड्या घेऊन बंदराच्या वाटेवर जाऊन बसण्याचा मार्गही ग्रामस्थांनी अवलंबिला, आणि त्यात स्त्रियाही मागे राहिल्या नाहीत. पहिल्या पिढीतील किती तरी माणसे नव्या गावाची वाट पाहत देवाघरी गेली.

खाडीचा हक्क

घराचा प्रश्न एकीकडे आणि धंद्याचा दुसरीकडे. भरावामुळे आणि तिवरांची जंगले गेल्यामुळे खाडीत पाणी येण्याजाण्याच्या वाटा अडल्या. मासळीची पिल्ले तिवरांच्या मुळांत वाढतात. तिवरे गेली की निवटी, चिंबोरी, कोळंबी, बोय आणि आपल्या भागाचे भूषण असलेला जिताडा, सर्वांचेच घर जाते. उरण परिसरातील पारंपरिक मच्छीमारांनी हा प्रश्न राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठापुढे नेला. त्यात हनुमान कोळीवाड्याचेही मच्छीमार होते. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई द्यावी असा आदेश दिला.

रकमेपेक्षाही या आदेशात एक गोष्ट मोठी आहे. सातबारा नसलेल्या माणसाचाही खाडीवर पोटापाण्याचा हक्क असतो आणि तो बुडाला तर भरपाई मिळाली पाहिजे, हे त्यात मानले गेले. १९८४ साली जमिनीच्या हक्कासाठी जे रक्त सांडले, त्याच्या शेजारी पाण्याच्या हक्काचे हे पान ठेवावयास हवे.

किनारा नियमन क्षेत्राची २०११ ची अधिसूचना निघाली तेव्हा आणखी एक पाऊल पुढे पडले. किनाऱ्याचे आराखडे तयार करताना कोळी गावे, मच्छीमारांच्या सामायिक जागा, धक्के, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकविण्याच्या जागा नकाशावर दाखविल्या पाहिजेत, असे तीत सांगितले आहे. जुन्या कोळीवाड्याची अलिखित आखणी सरकारच्या कागदावर येण्यास इतकी वर्षे जावी लागली.

गावांनी काय करावे

हनुमान कोळीवाड्याचा इतिहास हा एका गावापुरता नाही. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत रेल्वेही आली. मुंबई आता काही मिनिटांवर आली आहे. जमिनीचे भाव वाढले, रस्ते रुंद होणार, नवे धक्के येणार. हे सर्व व्हावे, त्यातून मुलांना रोजगार मिळावा, याबद्दल दुमत नाही. परंतु उद्या कोणत्याही गावाच्या जागेची मोजणी झाली तर सामायिक जागांचे काय, हे आजच ठरविले पाहिजे.

त्यासाठी फार मोठ्या खर्चाची गरज नाही. २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेखाली गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घरांच्या मिळकत पत्रिका तयार होत आहेत. अशा मोजणीच्या वेळी घरमालक आपापल्या भिंती दाखवितात, परंतु खळे, होड्या ओढण्याची जागा, होळीचा माळ, विहीर आणि देवळाचे आवार दाखविण्यास कोणी उभे राहत नाही. ग्रामसभेने ठराव करून या जागांची यादी करावी, त्यांच्या चतुःसीमा लिहाव्यात आणि नकाशावर त्या दाखविल्या गेल्या की नाहीत ते तपासावे. किनारा आराखड्यावर हरकती मागविल्या जातात तेव्हाही हेच करावे. डोल लावण्याच्या जागा कोणत्या घराकडे आहेत, याची वही मच्छीमार सोसायटीने ठेवावी. आज क्षुल्लक वाटणारी ही नोंद उद्या नातवंडांच्या उपयोगी पडेल.

देवळाच्या बाबतीतही तसेच. बांधकामाचा खर्च, देणगीदारांची नावे, आवाराचे माप, जागेचा कागद, जुन्या देवळाचे छायाचित्र, हे सर्व एकत्र करून देवस्थानच्या दप्तरात आणि एक प्रत ग्रामपंचायतीत ठेवावी. कागदाला वाळवी लागते हे तर हनुमान कोळीवाड्याने आपल्याला दाखवूनच दिले आहे. म्हणून एकच प्रत ठेवू नये.

समारोप

आज जगातील कोणत्याही मोठ्या बंदरात भारताकडे येणाऱ्या कंटेनरच्या कागदांवर न्हावा शेवा हे नाव छापलेले असते. परदेशातील कारकून ते नाव रोज लिहितो. ज्या गावांचे हे नाव, त्यांतील शेवा कोळीवाड्याच्या जुन्या जागी आता कोळ्याची होडी लागत नाही. नाव जगभर गेले आणि माणसे बोरी पाखाडीला आली.

तरीही गाव मोडले नाही. ज्या वस्तीला खळे मिळाले नाही, बंदर मिळाले नाही, धड लाकूडही टिकले नाही, ती वस्ती चाळीस वर्षे एक गाव म्हणून उभी राहिली. एकत्र अर्ज करीत राहिली, एकत्र होड्या काढीत राहिली आणि मारुतीरायाचे नाव लावून राहिली. घरे सरकारला बांधता येतात, रस्ते कंत्राटदाराला बांधता येतात. गावकी मात्र गावालाच बांधावी लागते, आणि ती बांधण्याची जागा म्हणजे देऊळ.

देवळासाठी ज्यांनी रुपये दिले, ज्यांनी वाळू-सिमेंट दिले, ज्यांनी नोकरीधंद्याच्या गावाहून मनिऑर्डर धाडली आणि ज्यांनी फक्त दोन हात दिले, त्या सर्वांनी दगडावर दगड तर ठेवलाच, शिवाय गावाच्या उरलेल्या सामायिक जागांपैकी सर्वांत महत्त्वाची जागा पक्की केली. आता तिच्या अवतीभवतीच्या जागाही राखणे हे पुढच्या पिढीचे काम होय. दर्यावर गेलेल्या प्रत्येक होडीला ग्रामदेवता सुखरूप बंदराला लावो, आणि हनुमान कोळीवाड्याच्या लेकरांना त्यांच्या हक्काचे गाव लवकर मिळो, हीच देवाचरणी प्रार्थना.